मूळ विश्वास कोणता आणि मतभेद कोणते? ख्रिस्ती मंडळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तरुण संघाच्या बैठकीत, उपासनेनंतर चहा घेताना आणि सगळ्यात जास्त लग्न जुळवताना हे प्रश्न येतात. एकाच तालुक्याच्या गावी कॅथलिक देऊळ असतं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं (सीएनआय) असतं, मेथडिस्ट मंडळी असते आणि भाड्याच्या हॉलमध्ये पेंटेकॉस्टल सभा भरते. चारही ठिकाणी येशूचंच नाव घेतात, आणि तरी एकमेकांकडे संशयाने बघतात. मी सीएनआयमध्ये वाढलो आहे, तो कल उत्तरांत दिसेल. इतरांची बाजू मात्र त्यांनाही मान्य होईल अशीच मांडली आहे.

सगळे ख्रिस्ती नेमके कशावर एकमत आहेत?

सगळ्यात जुनं उत्तर पहिल्या शतकातला प्रेषित पौल याचं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, आणि त्यात मुख्य हे: शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि पुष्कळांना दिसला. हे पत्र इ.स. 55च्या सुमाराचं आहे. वधस्तंभाच्या घटनेला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती.

पुढे 325 साली नायसियाला आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरल्या आणि त्यांतून नायसियाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, तयार झाला. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे. तो आमच्या तारणासाठी मनुष्य झाला, पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला, उठला, आणि न्याय करायला पुन्हा येईल. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट आणि केरळातले मार थोमा, सगळे हे मानतात. पेंटेकॉस्टल मंडळ्या उपासनेत मतांगीकार म्हणत नाहीत, पण एकेक ओळ वाचून दाखवली तर त्यांचे बहुतेक पास्टर प्रत्येक ओळीला आमेन म्हणतील.

एक वाक्यांश मात्र अजून वादात आहे. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, की पित्यापासून आणि पुत्रापासून? दुसरं रूप पश्चिमेकडच्या मंडळ्यांनी नंतर घातलं, आणि पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ते कधीच स्वीकारलं नाही.

अमुक मूळ आणि तमुक दुय्यम, हे ठरवायचं कसं?

एक प्रश्न विचारायचा: ही गोष्ट काढून टाकली तर सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताने तारलं ही आनंदाची बातमी, उरते का?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अरियस शिकवत होता की पुत्र फार थोर आहे, पण तोही निर्माण केलेलाच. अनेकांना हा शब्दांचा कीस वाटला. तिथलाच धर्मपुढारी अथनेशियस याला तसं वाटलं नाही. आपल्याला वाचवायला आलेला जर स्वतः देव नसेल, तर देव आपल्याकडे आलाच नाही, त्याने फक्त कुणाला तरी धाडलं, असा त्याचा मुद्दा होता. त्यासाठी तो पाच वेळा हद्दपार झाला. याउलट पाद्रीसाहेबांनी झगा घालावा की नाही, गाणी पेटीवर म्हणावीत की गिटारवर, दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याला विश्वासात पक्कं करण्याचा विधी) बिशपनेच करावं का, यांतलं काहीही बदललं तरी थडगं रिकामंच राहतं.

सगळ्या शिकवणी सारख्या वजनाच्या नसतात हे कॅथलिक चर्चनेही अधिकृतपणे म्हटलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1964च्या ख्रिस्ती ऐक्यावरील दस्तऐवजात सत्यांची एक श्रेणी असते असं लिहिलं आहे: विश्वासाच्या पायाशी ज्याचा जितका जवळचा संबंध, तितकं त्याचं स्थान वरचं.

खाण्यापिण्याच्या गोष्टी दुय्यम, तर पौल अंत्युखियात पेत्राशी का भांडला?

हे एक नीट कळलं की बाकीचे अर्धे प्रश्न सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात पौलासमोर दोन गट आहेत. एक सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. एक ठरावीक दिवस पाळतो, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे. पौलाचं स्वतःचं मत ठरलेलं आहे, कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही. तरी तो ते कुणावर लादत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, प्रत्येकाची आपल्या मनाशी खात्री असावी, एवढंच सांगतो.

आता गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडा. येशूचा शिष्य पेत्र अंत्युखिया शहरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा तो त्यांच्या भीतीने मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहूदी विश्वासणारे सरले, बर्णबासुद्धा. पौलाने सगळ्यांच्या देखत त्याला तोंडावर सुनावलं, आणि कारण दिलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही.

रोममध्ये ताटात काय वाढलंय हा प्रश्न होता, अंत्युखियात पंगतीला कोण बसणार हा. एकाच टेबलावर बसायला ख्रिस्त पुरेसा नाही, वर आणखी काहीतरी लागतं, असं पेत्राच्या उठून जाण्यातून दिसत होतं. सुंतेचंही तसंच. प्रवासात अडथळा नको म्हणून पौलाने आपला सोबती तीमथ्य याची सुंता केली. पण दुसरा सोबती, यहूदी नसलेला तीत, याची सुंता व्हायलाच हवी असा आग्रह धरला गेला तेव्हा तो तसूभर हलला नाही.

म्हणजे तीच गोष्ट एका ठिकाणी दुय्यम असते आणि दुसऱ्या ठिकाणी मुळावर येते. ती तारणाची किंवा बंधुत्वाची अट झाली की तिथे गप्प बसायचं नाही.

मग मंडळीत जात पाळणं हे "सामाजिक" म्हणून सोडून द्यायचं का?

नाही. हे थेट अंत्युखियाचं प्रकरण आहे.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण बघा. 1857 साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सभेने ठरवलं की सगळ्यांनी एकत्र उपासना करणं हेच योग्य, पण काहींच्या दुर्बलतेमुळे काळ्या विश्वासणाऱ्यांची उपासना वेगळी घ्यायला हरकत नाही. दुय्यम गोष्ट समजून दिलेली सवलत. त्यातून वेगळी देवळं झाली, वेगळ्या मंडळ्या झाल्या, आणि वर्णभेदाच्या राजवटीला धर्मशास्त्राचा आधार मिळाला. 1982 साली ओटावा इथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने वर्णभेदाचं समर्थन हे पाखंड आहे असं जाहीर केलं आणि तिथल्या दोन गोऱ्या मंडळ्यांचं सदस्यत्व स्थगित केलं. सव्वाशे वर्षं लागली.

आपल्याकडे 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना लिहिलं होतं की मंडळीत जातिभेद चालणार नाही, तो ताबडतोब आणि कायमचा सोडा. पुष्कळांनी ऐकलं नाही, मंडळ्या सोडून गेले. आणि आजही आपल्या घरांत स्थळ आलं की देऊळ कोणतं, नोकरी काय, हे विचारून झाल्यावर आवाज खाली करून "मूळचे कोण?" हा प्रश्न येतोच. त्या प्रश्नावर जे लग्न मोडतं त्याला कौटुंबिक पसंती म्हणायला मी तयार नाही. पौल तिथे असता तर गप्प बसला नसता.

शेजारी सत्यनारायण असतो. प्रसाद घ्यावा का?

मराठी ख्रिस्ती लोकांत यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे मनापासून विश्वास ठेवणारी माणसं आहेत. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 8 ते 10 या अध्यायांत जवळजवळ हाच प्रश्न हाताळला आहे. बाजारातलं मांस चौकशी न करता खा. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. पण "हे मूर्तीला वाहिलेलं आहे" असं कुणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका.

शिऱ्याची वाटी प्रसाद म्हणूनच हातात येते. त्यामुळे मी ती घेत नाही. वाटी आणणाऱ्या काकूंना हात जोडून, दोन गोड शब्द बोलून सांगता येतं, आणि वर्षानुवर्षांच्या शेजाराला तेवढ्याने तडा जात नाही. त्यांच्याकडून आलेला दिवाळीचा फराळ आनंदाने खावा आणि नाताळात आपल्या करंज्यांचं ताट त्यांच्याकडे जावं. पण जो विश्वासणारा प्रसाद घेतो आणि मनात म्हणतो की मूर्ती काही नाही, देव एकच, त्याला मंडळीबाहेरचा ठरवायचा हक्क मला पौलाने दिलेला नाही.

लहान मुलांचा बाप्तिस्मा की मोठं झाल्यावर? शिंपडून की बुडवून?

बालबाप्तिस्मा मानणारे म्हणतात की देवाची कृपा आपल्या समजुतीच्या आधी येते. जुन्या करारात सुंता आठव्या दिवशी होत असे, आणि प्रेषितांच्या कृत्यांत घरंच्या घरं बाप्तिस्मा घेतात. समोरचे म्हणतात की नव्या करारात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, हा क्रम स्वच्छ दिसतो, आणि तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा एकही स्पष्ट दाखला नाही. दोन्ही युक्तिवाद वजनदार आहेत.

इथे महाराष्ट्रातल्या एका घटनेचा मला अभिमान वाटतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकन, मेथडिस्ट आणि युनायटेड चर्च होते, आणि तो न देणारे बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्सही होते. चाळीसएक वर्षं वाटाघाटी चालल्या. शेवटी ठरलं ते असं की दोन्ही पद्धती मान्य: आईबापांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा, किंवा बाळाला देवाला अर्पण करून मोठेपणी त्याला स्वतः ठरवू द्यावं. कुणीही आपलं मत सोडलं नाही. फक्त ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं नाही असं ठरवलं. मेथडिस्टांचा एक मोठा गट, अमेरिकन परंपरेतला, ऐनवेळी बाहेर राहिला, हेही सांगायला हवं. आजची मेथडिस्ट चर्च इन इंडिया ती हीच.

नव्या सभेत सांगतात, "तुमचा लहानपणचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हता, पुन्हा घ्या." घ्यावा का?

त्यांच्या बाजूने बघितलं तर ते हा दुसरा बाप्तिस्मा समजतच नाहीत. पहिला झालाच नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. पण पाण्याने, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकदाच देतात. माझा सल्ला: घाई करू नका, आधी आपल्या पाळकांशी बोला. आणि "नाही घेतला तर तारण नाही" असं कुणी म्हणालं, तर तीताची गोष्ट आठवा.

प्रभुभोजनात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीत, भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते का?

ऑक्टोबर 1529 मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात प्रॉटेस्टंट चळवळीचे दोन पुढारी, ल्यूथर आणि झ्विंगली, समोरासमोर बसले. चर्चेला 15 कलमं होती, 14वर एकमत झालं. ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं, "हे माझं शरीर आहे", आणि तो त्या शब्दांवरून हलला नाही. झ्विंगलीचं म्हणणं होतं की "मी दार आहे" हे जसं आपण घेतो तसंच हे घ्यायचं. पंधराव्या कलमाच्या राहिलेल्या भागावर प्रॉटेस्टंट चळवळ दुभंगली. युरोपातल्या बहुतेक लूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांचं प्रभुभोजन मान्य केलं ते 1973च्या ल्यूएनबर्ग करारात. 444 वर्षं एका टेबलावर बसता आलं नाही, तेही कशावरून, तर प्रभूच्या टेबलावरून. मला हे फार लागतं.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची भूमिका वेगळी आहे. त्यांच्या मते प्रभुभोजन ही झालेल्या ऐक्याची खूण आहे, म्हणून ऐक्य पुरं होण्याआधी सहसा इतरांना ते दिलं जात नाही. मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, गेलात आणि रांगेत थांबवलं गेलं, तर तो अपमान समजू नका. त्यांच्या नियमाचा मान ठेवा.

कॅथलिक ख्रिस्ती नाहीत असं काही पास्टर सांगतात. खरं आहे का?

साफ चूक आहे. नायसियाचा मतांगीकार ते दर रविवारी म्हणतात, आणि तो जपून आपल्यापर्यंत आणला तोही त्यांनी आणि ऑर्थोडॉक्सांनी.

मतभेद खरे आहेत: पोपचा अधिकार, शुद्धिस्थान (मरणानंतर आत्म्याची शुद्धी), बायबलची पुस्तकं 73 की 66, मरियेची आणि संतांची मध्यस्थी. वांद्र्याच्या मोत मावलीला सप्टेंबरात मेणबत्ती घेऊन जाणारा कॅथलिक मरियेला देव मानत नाही. देवाची आराधना आणि मरियेचा सन्मान यांत त्यांची शिकवण स्पष्ट फरक करते. तो फरक भक्तीत नेहमी टिकतो का, याबद्दल प्रॉटेस्टंट म्हणून मला शंका आहे आणि कॅथलिक मित्रांशी मी ती बोलतोही. पण शंका असणं वेगळं आणि त्यांना विश्वासाबाहेर काढणं वेगळं.

ज्या मुद्द्यावर सोळाव्या शतकात चर्च फुटलं, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, त्यावर 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्याही पुण्याईने नव्हे, असं दोघांनी मिळून म्हटलं. पुढे मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात आल्या. आपल्या देवळांत हे फारसं कुणाला ठाऊकच नाही.

मला त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) पटत नाही. मी ख्रिस्ती नाही का?

त्रैक्य मुळातलंच आहे. पण शोधणारा वेगळा आणि नाकारून शिकवणारा वेगळा.

पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटिज इथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या धर्मभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर सडेतोड प्रश्न विचारतात. ज्या बाईने शास्त्रार्थात पंडितांना उत्तरं दिली होती, ती केवळ सांगितलं म्हणून मानणार नव्हती. ख्रिस्ती देशांतले ते असंख्य पंथ बघून आपण किती गोंधळलो, हेही त्यांनी पुढे लिहिलं. त्यांच्या विश्वासाची वाट लांबची होती, आणि त्याच वाटेने त्या केडगावच्या मुक्ती मिशनपर्यंत आणि मूळ हिब्रू-ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्यापर्यंत पोचल्या. तेव्हा प्रश्न असतील तर मंडळीत राहूनच विचारा. येशू हा निर्माण केलेला होता असं ठामपणे शिकवणारे यहोवाचे साक्षीदार मात्र नायसियाच्या चौकटीबाहेर आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेली भाषा) बोलता आल्या नाहीत तर पवित्र आत्मा मिळालाच नाही का?

पौल विचारतो, "सगळेच अन्य भाषा बोलतात काय?" त्याला उत्तर "नाही" हेच अपेक्षित आहे. मुक्ती मिशनमध्ये 1905पासून मोठं जागरण झालं, पुढे अन्य भाषांचा अनुभवही आला, पण तो प्रत्येकीला यायलाच हवा अशी अट रमाबाईंनी घातली नाही.

औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं सांगतात.

ही शिकवण जीव घेते, म्हणून मी तिला दुय्यम मतभेद म्हणून सोडणार नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, तेल लावा, याकोबाच्या पत्रात तसंच सांगितलं आहे. पण पौलाचा सोबती लूक वैद्य होता. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, आणि त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी असताना मागे ठेवलं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायचं का? इन्सुलिन, टीबीच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधं कुणी बंद करायला सांगितली तर ऐकू नका.

ईस्टरची तारीखही एक नाही, मग ऐक्य कसलं?

हा वाद दुसऱ्या शतकातला आहे. साधारण 155 साली स्मुर्णेचा वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेला. तिथला बिशप अनिसेटस याच्याशी त्याचं तारखेवर जमलं नाही. तरी अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी पॉलिकार्पला करू दिला आणि दोघे शांतीने वेगळे झाले. चाळीसएक वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याने याच कारणावरून आशियातल्या मंडळ्यांना तोडायचं ठरवलं, तेव्हा गॉलमधला बिशप आयरेनियस याने त्याला ही जुनी हकिकत लिहून कळवली.

कीर्तन, अभंग, टाळ-मृदंग देवळात चालतात का?

चालतात, आणि शोभतात. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली ओवीतच आलं, आणि ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. चाल दुय्यम आहे, आशय तपासा.

शेवटचा काळ, हजार वर्षांचं राज्य, यांवर कोणाचं खरं?

तो येणार, हे मूळ. कधी आणि कोणत्या क्रमाने, हे दुय्यम. तारीख सांगणाऱ्यापासून लांब राहा.

मुलगा मेथडिस्ट, मुलगी कॅथलिक. लग्न होऊ शकतं का?

होऊ शकतं. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असेल तर कॅथलिक बाजूने बिशपची परवानगी लागते, आणि ती धर्मगुरूंमार्फत मागायची असते. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना द्यायची असते, त्याच्याकडून वचन घेतलं जात नाही. ही बोलणी साखरपुड्याआधी करा. मुलांचा बाप्तिस्मा कुठे, रविवारी कोणत्या देवळात, आजीआजोबांना काय सांगायचं, हे दोघांनी आधी एकमेकांशी बोला, मग पाळक आणि धर्मगुरू दोघांनाही भेटा. परवानगी यायला वेळ लागतो, त्यामुळे हॉलची तारीख पक्की करण्याच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.